निरोप्याचं काम

प्रिय भाचेराव,


हॅम रेडिओची टेक्निशियनची परीक्षा पास झालास आणि एफसीसीने कॉलसाइन दिलं, हे तुझ्याआधी ताईनेच कळवलं. ३५ प्रश्नांतले २६ बरोबर आले की झालं, हे मी तिला सांगितलेलं नाही. ती नाशिकभर पेढे वाटते आहे, वाटू दे. तू मला विचारलंस ते मात्र परीक्षेत फारसं येत नाही: वादळात मोबाइल आणि इंटरनेट दोन्ही बसलं तर रेडिओवरून ईमेल खरोखर जाते का, आणि जात असेल तर काय काय विकत घ्यायचं?

जाते. विकत घेण्याचं मागाहून बोलू. पैसे असले की ते एका संध्याकाळी उरकतं. दुसऱ्याचा निरोप त्याला मीठमिरची न लावता, काही न सांडता, योग्य माणसाच्या हातात देणं हे खरं काम, आणि ते वादळाच्या दिवशी शिकता येत नाही.

तू ॲशव्हिलला गेलास तो हेलेन येऊन गेल्यावर. २६ सप्टेंबर २०२४ च्या रात्री ते वादळ आमच्या फ्लोरिडात पेरी गावाजवळ किनाऱ्याला लागलं, पण घात केला तो दुसऱ्या दिवशी, समुद्रापासून इतक्या लांब तुमच्या डोंगरांत. स्वॅनानोआत पूर आला, चिमनी रॉक गाव उद्ध्वस्त झालं, पिजन नदीच्या घळीत ४० नंबरच्या महामार्गाचा भाग नदीने खाल्ला. वीज, मोबाइल, फायबर सगळं एकदम गेलं. ॲशव्हिलच्या नळाला पिण्याजोगं पाणी यायला नोव्हेंबर अर्धा उलटला. त्या दिवसांत लोक कान लावून बसले ते माउंट मिचेलवरच्या रिपीटरला, १४५.१९० मेगाहर्ट्झवर. मिसिसिपीच्या पूर्वेला त्याहून उंच डोंगर नाही, त्यामुळे तिथला आवाज दऱ्यादऱ्यांत पोचत होता.

लक्षात घे, आवाज. ईमेल नव्हे. माणूस छतावर अडकलाय, कुणाचा ऑक्सिजन संपत आलाय, अशा वेळी लॅपटॉप उघडून बसणाऱ्याला मी हॅम म्हणणार नाही. माइक उचलायचा आणि बोलायचं. ऐकणारा लगेच ‘ऐकलं’ म्हणतो, ही खात्री ईमेल देत नाही. पलीकडच्याने पेटी कधी उघडली, उघडली तरी का, हे तुला कळत नाही.

पण निवाऱ्यातल्या ऐंशी माणसांची नावं कळवायची असली तर? देशपांडे हे एक आडनाव डेल्टा, एको, सिएरा करत आवाजावर सांगून बघ, आणि मग पुढची एकोणऐंशी सांग. तेवढा वेळ तो रिपीटर बाकी सगळ्यांना बंद. औषधांची नावं, त्यांचे मिलिग्रॅम, फोन नंबर, पत्ते, सामानाच्या याद्या, हे सगळं लिखित जावं. राज्याच्या कचेरीतला जो अधिकारी हे वाचणार त्याच्याकडे रेडिओ नसतो, ईमेल असते. रेडिओवरच्या ईमेलचा उपयोग एवढाच आणि एवढा मोठा: एका टोकाला काहीच शिल्लक नाही, दुसऱ्या टोकाला सगळं नेहमीसारखं चालू आहे, आणि मधलं अंतर तू ओलांडून द्यायचंस.

आता तू म्हणशील, मावशी, स्टारलिंक आहे, आयफोन उपग्रहावरून मेसेज पाठवतो. हो, हेलेनच्या आधी दहाएक दिवस ॲपलने ती सोय आयफोनला दिली आणि लोकांनी ती तिथे वापरली. स्टारलिंकच्या थाळ्याही पोचल्या. निवाऱ्यात थाळी चालू असेल तर तिचाच वापर कर, उगाच रेडिओचं घोडं दामटू नकोस. पण थाळी पोचेपर्यंतचे दिवस असतात, आणि ज्या दरीत कुणीच पोचलेलं नाही तिथे आधीपासून राहणारा हॅम असू शकतो. तो हॅम तू आहेस असं धरून मी लिहिते आहे.

या व्यवस्थेचं नाव विनलिंक. तिची सुरुवात व्हिक पुअर या गृहस्थाने केलेल्या ॲपलिंक नावाच्या प्रोग्रॅमपासून झाली. माणूस हॅम होता आणि शिडाच्या बोटीतून समुद्रावर हिंडणारा. तू ज्या धंद्यात आहेस त्यात तरी हे नाव ठाऊक असायला हवं. डेटापॉइंट २२०० या यंत्रासाठी पुअर आणि त्याच्या सहकाऱ्याने जो आज्ञासंच कागदावर मांडला, त्यातूनच इंटेलची ८००८ ही चिप निघाली. तुझ्या टेबलावरच्या लॅपटॉपची वंशावळ तिथवर जाते. पुअर २०१२ मध्ये गेला. आज विनलिंक स्वयंसेवक चालवतात, तुझ्याकडून एक पैसा घेत नाहीत, आणि तुझं कॉलसाइन हाच तिथला पत्ता.

चालतं असं. लॅपटॉपवर विनलिंक एक्स्प्रेस हा प्रोग्रॅम, लिनक्स किंवा मॅक असेल तर पॅट. तू मेल लिहितोस, प्रोग्रॅम ती दाबून लहान करतो, तिचे सूर बनवतो, रेडिओ ते सूर हवेत सोडतो. दूर कुठेतरी एका हॅमच्या घरी किंवा कचेरीत गेटवे असतो. तो सूर ऐकून मेल परत जोडतो आणि इंटरनेटवरून मुख्य सर्व्हरला देतो. उत्तर आलं असेल तर त्याच बैठकीत तुझ्या पदरात टाकतो. एखादा तुकडा बिघडला तर तो पुन्हा मागवला जातो, म्हणून पोचलेलं अक्षर जसंच्या तसं असतं.

यातली गोम त्या गेटवेत आहे. तुझ्या टेक्निशियन लायसन्सवर तुला जे बँड नीट वापरता येतात, ते व्हीएचएफ आणि यूएचएफ. त्यांची पोच डोळ्याला दिसेल तेवढीच, शहरातल्या किंवा शेजारच्या टेकडीवरच्या गेटवेपर्यंत. सराव तिथेच होईल आणि छान होईल. पण पूर आला की तुझी वीज गेली तशी त्या टेकडीचीही जाते, तुझं फायबर तुटलं तसं तिचंही. गेटवे तुझी मेल आनंदाने घेईल आणि पुढे कुठे देणार? म्हणून गेटवे हवा तो वादळाच्या हद्दीबाहेरचा: नॅशव्हिल, अटलांटा, रॅली, आणखी लांब कुठेही, जिथे लोक त्या क्षणी चहा पीत टीव्हीवर तुमचा पूर बघताहेत. तिथवर पोचायला एचएफ लागतं आणि एचएफवर डेटा पाठवायला जनरल लायसन्स. तेव्हा पेढे खाऊन झाले की पुस्तक परत उघड. हिवाळ्यात अभ्यास, वसंतात परीक्षा, जूनमध्ये वादळांचा हंगाम सुरू होण्याआधी तार टांगलेली.

तारेचं म्हणशील तर वीस मीटर साधी तांब्याची तार मधोमध कापून डायपोल कर, ४० मीटरच्या बँडसाठी ती बरोबर बसते. सगळे तुला उंच टांग म्हणतील. तू ती चार-पाच मीटरवरच, दोन झाडांमध्ये टांग. कमी उंचीवरची तार लाट सरळ वर फेकते, आयनांबर ती परत खाली पसरवतं, आणि तीन-चारशे किलोमीटरच्या परिघात ती पावसासारखी पडते. मधे डोंगर असले तरी काही बिघडत नाही, कारण लाट त्यांच्यावरून गेलेली असते. दिवसा ७ मेगाहर्ट्झ आणि अंधार पडला की ३.५, हे ढोबळ गणित. रात्रीही ७ वरच बसलास तर दूरदूरचे लोक ऐकू येतील आणि अटलांटा मुकं होईल. ३.५ साठी तार दुप्पट लांब लागते, ती आधीच कापून गुंडाळून ठेव.

मॉडेमपायी भांडू नको. श्रीमंत लोक जर्मनीच्या पॅक्टरवर हजारांनी डॉलर घालतात. ते उत्तम आहे, पण तुला नको. साउंडकार्ड, एक यूएसबी केबल आणि व्हारा नावाचा प्रोग्रॅम पुरे. नोंदणीचे पैसे न भरता तो मुद्दाम हळू चालतो, म्हणून भर. जाता जाता एक गंमत: २०१७ साली मारिया वादळाने पोर्टो रिको झोपवलं, तेव्हा वेगवान पॅक्टर वापरायला एफसीसीला तात्पुरती सूट द्यावी लागली, कारण एचएफवर ३०० बॉडची जुनी मर्यादा होती. जानेवारी २०२४ मध्ये ती उठली आणि तिच्याजागी २.८ किलोहर्ट्झ रुंदीची मर्यादा आली. सरकारी कागद एका बेटाचा पूर ओसरून सहा वर्षं झाल्यावर हलला.

आता लिहिण्याकडे ये, कारण इथेच बहुतेक जण आपटतात.

निवाऱ्याची बाई धावत येऊन सांगते, ‘पाणी संपतंय, लवकर पाठवायला सांगा.’ तू तेवढंच टाइप करून पाठवलंस तर पलीकडचा माणूस तुला उलट पाच प्रश्न विचारेल, आणि ते पाच प्रश्न यायला आणि उत्तरं जायला दुपार जाईल. त्यापेक्षा तिला दोन मिनिटं थांबव, विचार, आणि असं लिही: हायस्कूलच्या निवाऱ्यात ११० माणसं, पैकी ९ तान्ही. पिण्याचं पाणी उद्या सकाळी सहापर्यंत पुरेल. ४०० लिटर हवं. पुलाकडचा रस्ता बंद, उत्तरेकडून यावं. खाली तिचं नाव, तिचा हुद्दा, तारीख, वेळ, आणि वेळ स्थानिक की जागतिक हेही. विनलिंक एक्स्प्रेसमध्ये यासाठी आयसीएस २१३ चा तयार फॉर्म आहे. तो कंटाळवाणा दिसतो, पण त्यातला प्रत्येक रकाना कुणाच्या तरी वाया गेलेल्या दुपारीतून आलेला आहे.

सही तिची, तुझी नाही. निरोप तिने दिला, तू नेलास. तुला वाटलं ४०० लिटर कमी आहे, तर तिला सांग, ती बदलेल. तू मनाने ६०० करायचं नाही. ती म्हणाली ‘इन्सुलिन’, तर कुठलं हे तिच्याकडून लिहून घे, नर्सकडून तपासून घे, पण अंदाजाने भरू नको. पाठवण्याआधी तिला वाचून दाखव.

पाहिलेलं आणि ऐकलेलं वेगळं ठेव. हेलेनमध्ये लेक लुअरचं धरण कुठल्याही क्षणी फुटेल असा अधिकृत इशारा निघाला होता. पाणी धरणावरून वाहिलं, पण धरण टिकलं. इशारा देणाऱ्यांचं काही चुकलं नाही, खाली माणसं राहत होती. पण ‘फुटेल’चं ‘फुटलं’ व्हायला एकच घाईतला निरोप्या पुरतो, आणि ते वाक्य लिखित गेलं की लोक त्याला पुरावा समजतात. तू लिहायचं ते ‘अमुक वाजता मी पाहिलं’ किंवा ‘अमुक खात्याच्या माणसाने सांगितलं’. दोन्ही नसेल तर लिहूच नको.

विषयाच्या ओळीत ‘मदत’ किंवा ‘अर्जंट’ लिहू नको. सगळेच अर्जंट असतात. जागा आणि गरज लिही: ‘हायस्कूल निवारा, पाणी ४०० लिटर, उद्या ६ पर्यंत’. मेल न उघडताही वाचणाऱ्याला कळलं पाहिजे. अग्रक्रम खरोखर लाव. कुणी सुखरूप असल्याचा निरोप हा घरच्यांसाठी जगातला सर्वांत मोठा, तरी तो इन्सुलिनच्या मागे उभा राहतो. त्यांना वाईट वाटेल. वाटू दे, पण रात्री उशिरा का होईना, तो पाठव.

आकाराचं भान ठेव. एचएफवर वाईट दिवशी बाइट मोजून जातात. सोबतच्या फाइलींना विनलिंक १२० किलोबाइटच्या आसपास थांबवतं, पण तू तिथवर जाऊच नको. फुटलेल्या पुलाचा फोटो बघून कुणी पूल बांधत नाही. मेलखालची तुझी ऑफिसची रंगीत सही आणि आधीच्या उत्तरांची शेपटी काढून टाक. आणि ताईला मराठीत लिहायचा मोह झाला तर रोमन लिपीत लिही. देवनागरीचं एकेक अक्षर नेहमीच्या पद्धतीत तीन बाइट खातं. मलाही हे आवडत नाही.

गुप्त काही नाही, हेही मनात पक्कं धर. हॅम बँडवर मजकूर लपवण्यासाठी सांकेतिक भाषा वापरायला बंदी आहे, आणि विनलिंकवरून गेलेल्या मेल इतर लायसन्सधारक हॅम उघडून वाचू शकतात, तशी सोयच ठेवली आहे. त्यामुळे रुग्णाचं नाव आणि त्याचा आजार एका ओळीत लिहिण्याआधी विचार कर. कित्येकदा ‘खाट ७’ पुरतं. बँकेचा पासवर्ड कधीच नाही. तुझ्या कंपनीची कामंही नाहीत. पैसे मिळवण्याच्या व्यवहाराला हे बँड नाहीत. साहेब म्हणाला, ‘तुझं ते रेडिओचं चालतंय ना, एक ऑर्डर पाठव’, तर नाही म्हण. जीव वाचवायचा प्रश्न आला तर नियम बाजूला होतात, आणि ऑर्डरीने जीव वाचत नाही.

सराव दर आठवड्याला. अमेरिकेत ठिकठिकाणी विनलिंकचे साप्ताहिक मेळे चालतात, कुठे बुधवारी, कुठे गुरुवारी: एक छोटी मेल पाठवून हजेरी लावायची. तुझ्या काउंटीचा असेल तो शोध. मात्र महिन्यातून एकदा तरी घराचं मेन बंद करून, वायफाय तोडून, बॅटरीवर कर. तेव्हा कळतं की विंडोजला नेमका आत्ताच अपडेट हवा आहे, की केबल दुसऱ्या खोलीत आहे, की लॅपटॉपची टुंग-टुंग घंटा सबंध बँडवर वाजते आहे. सिस्टिमचे आवाज बंद कर. गेटवेंची यादी आणि फॉर्म इंटरनेट आहे तोवर ताजे करून घे. शंभर वॅटचा संच पाठवताना वीसेक अँपिअर ओढतो आणि डेटा पाठवताना त्याला बोलण्यातल्यासारखी उसंत मिळत नाही, म्हणून तीस-चाळीस वॅटवर आण. संच तापणार नाही, बॅटरीही पुरेल. इंटरनेटच नाही आणि गेटवेही लागत नाही, अशा वेळी थेट एका हॅमकडून दुसऱ्याकडे मेल देता येते. तेही एका मित्राबरोबर करून ठेव.

आणि बोलावल्याशिवाय जाऊ नको. लष्कराच्या भाकऱ्या भाजायच्या तर लष्कराला विचारून. मारियाच्या वेळी, २० सप्टेंबर २०१७ नंतर, पोर्टो रिकोतले ९५ टक्के मोबाइल टॉवर बंद पडले होते. अमेरिकन रेड क्रॉसने हॅमच्या राष्ट्रीय संघटनेकडे, एआरआरएलकडे, पन्नास माणसं मागितली. मागणीत लिहिलं होतं ते वाचलेल्यांची नावं नोंदवून बाहेर पाठवण्याचं काम. अखेर गेले ते बावीस, आणि तिथे पोचल्यावर वीज मंडळाच्या दुरुस्तीपथकांना एकमेकांशी जोडून देण्याचंही काम त्यांच्या वाट्याला आलं. सांगितलेलं एक, समोर आलेलं दुसरं, आणि त्यांनी कुरकुर न करता ते केलं. पण ते नाव नोंदवून, कुणाच्या तरी यादीत राहून गेले होते. तू काउंटीच्या एआरईएस या आणीबाणीच्या हॅम-गटात आत्ताच नाव घाल, बैठकांना जा, चहाचे कप उचल. ओळख असेल तरच त्या दिवशी दार उघडतं.

ताई विचारत होती की सुट्टीत आलास तर नाशिकहून हे करशील का. असंच उठून नाही. इथलं लायसन्स इथलं. भारतात दूरसंचार खात्याच्या डब्ल्यूपीसी विभागाची वेगळी परवानगी लागते. तिथे राहणाऱ्यांना एएसओसीची परीक्षा द्यावी लागते आणि व्हीयू-टू किंवा व्हीयू-थ्रीने सुरू होणारं कॉलसाइन मिळतं. तिला हेही सांग की हे काही अमेरिकेचं खूळ नव्हे. डिसेंबर २००४ मध्ये भारती प्रसाद आणि त्यांचे साथीदार अंदमानहून जगभर संपर्क साधण्याच्या हौसेने पोर्ट ब्लेअरला गेले होते. २६ तारखेला त्सुनामी आली, आणि हौसेसाठी नेलेल्या त्याच संचांवरून बेटांचे निरोप मुख्य भूमीवर जाऊ लागले. तेही आवाजावरच, बहुतेक.

राहिली ताईची उत्तरं. विनलिंक अनोळखी पत्त्यावरून आलेली मेल आत घेत नाही. नाहीतर जाहिरातींनी तुझी बॅटरी संपवली असती. तू तिला एकदा मेल पाठवलीस की तिचा पत्ता आपोआप ओळखीचा होतो, म्हणून या आठवड्यातच एक ओळ पाठव. नाशिकच्या बाकी मंडळींनी लिहायचं तर विषयाच्या सुरुवातीला दोन तिरक्या रेघा आणि डब्ल्यूएल-टू-के ही अक्षरं टाकायची. हे मी त्यांना फोनवर समजावीन, तू त्यात पडू नको. सुप्रभातचे गुलाब आणि गणपती तुझ्या त्या पत्त्यावर पाठवायचे नाहीत हेही मीच सांगते. तू सांगितलंस तर रुसतील.

जनरलच्या परीक्षेची तारीख ठरली की कळव. तार घ्यायला जाशील तेव्हा टोकांना बांधायला नायलॉनची दोरी आणि दोन इन्सुलेटर जास्तीचे घे, झाडं वाऱ्यात हलतात.

तुझी,
मावशी